मार्सेलो बिएल्सा यांच्यावरील तीन रविवारचा व्याख्यानवर्ग : लातुरातील एका दुकानाचा उपक्रम

गंजगोलाईजवळच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने वरच्या मजल्यावर क्रीडाशिक्षकांसाठी व्याख्यानवर्ग सुरू केला असून त्याची पहिली मालिका अर्जेंटिनाचे फुटबॉल प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांच्यावर होती. तीन रविवार, प्रत्येकी दोन तास, शुल्क 300 रुपये. औसा तालुक्यातील शाळेत बारा वर्षे फुटबॉल शिकवणारा शिक्षक म्हणून मी तिन्ही रविवारी हजर होतो.

पहिला रविवार सर्वांत सरस ठरला. बिएल्सा यांचा जन्म 1955 मध्ये रोसारियो शहरात, वकिलांच्या घराण्यात झाला. त्यांचे थोरले बंधू पुढे देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. ते स्वतः न्यूवेल्स ओल्ड बॉईज संघाकडून बचाव फळीत खेळले आणि पंचविसाव्या वर्षीच खेळणे सोडून शिकवण्याकडे वळले. त्याच क्लबसाठी खेळाडू शोधताना त्यांनी नकाशाचे सत्तर भाग पाडले आणि छोट्या गाडीने गावोगाव हिंडून प्रत्येक भागातली मुले पाहिली. मर्फी नावाच्या गावात मध्यरात्री एका शेतकरी कुटुंबाचे दार ठोठावून, झोपलेल्या मुलाचे पाय पाहून त्यांनी त्याला संघात घेण्याचे ठरवले. तो मुलगा म्हणजे पुढे स्वतः नामांकित प्रशिक्षक झालेला मॉरिसियो पोचेटिनो. हे सांगून वक्त्यांनी शेजारी लातूर जिल्ह्याचा नकाशा लावला आणि दहा तालुक्यांपैकी किती ठिकाणी आपण खेळाडू पाहायला गेलो आहोत, असे विचारले. मी देवणी आणि जळकोटला आजवर एकदाही त्यासाठी गेलेलो नाही, हे मला तिथे उभे राहून मान्य करावे लागले.

दुसऱ्या रविवारी बिएल्सा यांची 3-3-1-3 ही रचना (बचावात तीन, मध्ये तीन, आघाडीमागे एक आणि आघाडीवर तीन खेळाडू) कॅरमबोर्डावर सोंगट्या मांडून समजावली गेली. चेंडू गमावताच मागे न हटता तो जिथे गेला तिथेच परत मिळवायचा आणि त्यासाठी अकराही खेळाडूंनी सामनाभर धावत राहायचे, हे त्या सोंगट्या सरकताना जितके स्पष्ट दिसले तितके मला दूरदर्शन संचावर कधी दिसले नव्हते. बिएल्सा यांच्या हाताखाली न्यूवेल्सने अर्जेंटिनाचे विजेतेपद मिळवले, 1992 मध्ये कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि ब्राझीलच्या साओ पाउलोकडून पेनल्टींवर हार पत्करली. दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीत अव्वल राहिलेला त्यांचा अर्जेंटिना संघ 2002 च्या विश्वचषकात साखळीतच बाद झाला. व्याख्याते या पराभवावर जवळजवळ अर्धा तास थांबले आणि ते योग्यच होते, कारण त्यानंतरही पदावर राहून बिएल्सा यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकही गोल न स्वीकारता देशाला फुटबॉलचे पहिले सुवर्ण मिळवून दिले.

तिसरा रविवार मात्र घाईत उरकला. बिएल्सा यांनी सांभाळलेला चिलीचा संघ आणि स्पेनचा बिल्बाओ क्लब मिळून वीस मिनिटे, तर 2023 मध्ये त्यांनी हाती घेतलेल्या उरुग्वेला जेमतेम पाच. इंग्लंडच्या लीड्स क्लबचा भाग तेवढा मनापासून झाला. प्रेक्षकाला तिकिटासाठी किती वेळ राबावे लागते हे कळावे म्हणून त्यांनी खेळाडूंना तीन तास कचरा वेचायला लावला. एप्रिल 2019 मध्ये ॲस्टन व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना लीड्सने गोल केला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला बरोबरी करू द्या, असा आदेश त्यांनी दिला. त्या बरोबरीने वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, थेट बढतीची उरलीसुरली आशाही संपली. लीड्सने ती बढती पुढच्या हंगामात, 16 वर्षांनंतर मिळवली. परंतु त्याच 2019 च्या जानेवारीत डर्बी काउंटी या प्रतिस्पर्धी क्लबच्या सरावावर पाळत ठेवण्यासाठी त्यांनी माणूस पाठवल्याचे उघड झाले होते आणि क्लबला झालेला दोन लाख पौंडांचा दंड त्यांनी स्वतः भरला होता, हा प्रसंग वगळणे मला पटले नाही. ज्या शिक्षकाने मुलांना खिलाडूवृत्ती शिकवायची, त्याला दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

खोली उकाड्याची आहे आणि मागच्या रांगेला नकाशा दिसत नाही. छापील टिपणे मिळाली असती तर अधिक उपयोग झाला असता. तरीही शुल्काच्या मानाने मिळालेले पुष्कळ आहे आणि पुढच्या मालिकेसाठी मी नाव नोंदवले आहे. संयोजकांना एकच विनंती आहे की वर्ग सायंकाळऐवजी सकाळी ठेवावा, कारण देवणी-जळकोटकडच्या शिक्षकांना सात वाजता वर्ग सुटल्यावर परतीची एस.टी. गाठणे कठीण जाते आणि तिसऱ्या रविवारी त्यांच्यापैकी कोणीही आले नव्हते.