कर्णबधिर मुलींच्या वसतिगृहातल्या थरथरणाऱ्या चकत्या आणि लखलखते दिवे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही विरारला राहतो आणि तिची शाळा मुंबईत, वसतिगृह शाळेच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सोमवारी पहाटेच्या लोकलने तिला सोडते, शनिवारी दुपारी घरी आणते. मधल्या पाच रात्री ती माझ्याजवळ नसते. त्या पाच रात्रींसाठी पालकांनी आणि शाळेने मिळून गेल्या जूनमध्ये ही यंत्रणा बसवून घेतली. आता नऊ महिने झाले. दुसऱ्या शाळांमधले पालक विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहिते.

यंत्रणा साधी आहे. छताला धूर ओळखणारे डिटेक्टर, जिन्याजवळ एक पॅनेल, चोवीस पलंगांच्या गादीखाली तळहाताएवढी एकेक चकती आणि भिंतीवर दिवे. धूर आला की चकत्या जोरात थरथरतात, दिवे लखलखतात आणि खाली वॉचमनकडे भोंगा वाजतो. प्रत्येक पलंगाला एक बटणही आहे. ते दाबलं की रात्री मुलींना सांभाळणाऱ्या मावशींच्या खोलीत त्या पलंगाचा नंबर उजळतो.

त्याआधी काय होतं? भोंगा होता. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची साधनं चालू असल्याचा दाखला, भरला जात होता, सिलिंडर भरलेले होते, कागद पूर्ण होते. पण तो भोंगा चोवीसपैकी एकाही मुलीला ऐकू येत नव्हता. नेहमीचा स्मोक अलार्म साधारण ३००० हर्ट्झच्या बारीक, उंच आवाजात वाजतो आणि थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलांचंही ऐकणं बहुतेक वेळा याच पट्टीत सगळ्यात कमी असतं. त्यात कानातलं ऐकण्याचं मशीन रात्री काढून डबीत ठेवतात. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकण्याचं यंत्र बसवलेल्या मुलीसुद्धा बाहेरचा प्रोसेसर काढूनच झोपतात. देणगीसाठी गेलो तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "सरकार इम्प्लांटला पैसे देतं ना, मग आणखी हे कशाला?" एडिप या केंद्र सरकारच्या अपंगांसाठीच्या योजनेतून इम्प्लांटला लाखो रुपये मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण रात्री दहा ते सकाळी सहा त्या मुलीही पूर्ण बहिऱ्या असतात, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

मला स्वतःला हे एका बातमीने समजलं. १० एप्रिल २००३ रोजी रशियात दागेस्तानमधल्या मखाचकला शहरात कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेला रात्री आग लागली आणि २८ मुलं गेली. मुलांना एकेक करून हलवून उठवावं लागलं होतं. ते वाचल्यावर मी आमच्या मावशींना विचारलं, "तुम्हाला किती वेळ लागेल?" एप्रिलच्या कवायतीत आम्ही घड्याळ लावून पाहिलं. शेवटची मुलगी उठेपर्यंत सहा मिनिटं गेली होती.

यंत्रणा बसल्यावर जुलैत रात्री अडीच वाजता पुन्हा कवायत घेतली. पालक समितीतर्फे मी तिथेच झोपले होते. सव्वा मिनिटात तेवीस मुली जिन्यापाशी उभ्या होत्या. अंगावर काटा आला माझ्या. चोविसावी, सात वर्षांची नवी मुलगी, गाढ झोपलेली. तिची गादी जाड कापसाची आणि चकती घसरून पायथ्याशी गेलेली. थरथर सगळी पलंगाच्या पत्र्याला बसत होती, तिच्या अंगाला नाही. शेजारच्या मोठ्या मुलीने मागे वळून तिला ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चार आयांनी बसून प्रत्येक गादीला उशीच्या बाजूला कापडी खिसा शिवला, चकती आत सरकवली आणि वर बंद लावले. तेव्हापासून एकही चकती घसरलेली नाही. बसवणाऱ्या माणसाने हे सांगायला हवं होतं.

पण त्या रात्री याहून मोठी गोष्ट लक्षात आली. कवायतीसाठी मेन स्विच बंद केला होता, म्हणजे खऱ्या आगीत असेल तसा काळोख. जिन्यावर माझी मुलगी हात वर करून मला काहीतरी विचारत होती. दिवा लखलखला की हात दिसायचा, विझला की काहीच नाही. बोटं एका जागी दिसायची आणि पुढच्या उजेडात भलतीकडे. ती विचारत होती, "खरी आग आहे का?" एवढं कळायला मला तीन वेळा लागले. बाकीच्या मुली एकमेकींचे हात चाचपडत होत्या. ज्यांची भाषा डोळ्यांनी वाचायची असते, त्यांना काळोखात बोलताच येत नाही आणि लखलखत्या दिव्यात ती भाषा तुटून पोहोचते. इतकी वर्षं तिच्याशी खुणांनी बोलते आहे, पण हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. आता आम्ही खोलीत, बोळात आणि जिन्यावर बॅटरीवर चालणारे स्थिर उजेडाचे दिवे लावले आहेत. सगळ्या खर्चात हा भाग सगळ्यात स्वस्त होता. तुम्ही यंत्रणा घेणार असाल तर हे दिवे त्याच ऑर्डरमध्ये घ्या.

दिव्यांची प्रखरता लेखी मागून घ्या. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्मच्या मानकात झोपण्याच्या खोलीतल्या दिव्याला ११० कॅन्डेला (प्रखरता मोजायचं एकक) आणि तो छताच्या अगदी जवळ असेल तर १७७ कॅन्डेला सांगितले आहेत. आम्हाला आधी आणून दिलेल्या दिव्यांवर आकडाच नव्हता. ते परत केले. पावसाळ्यात दमट हवेने दोन डिटेक्टर उगाच वाजले आणि गणपतीत धुपाने एकदा. तिसऱ्या वेळी मुली उठायला कुरकुरल्या, म्हणजे धोका तिथेच सुरू होतो. स्वयंपाकघराजवळचा डिटेक्टर बदलून उष्णतेवर चालणारा बसवला आणि सकाळी उठवायला चकत्या वापरणं बंद केलं. आता चकती थरथरली म्हणजे बाहेर पळायचं, दुसरा अर्थ नाही. मुलींनी तिच्यासाठी स्वतःची एक खूण केली आहे: कानाखाली मूठ धरून हलवायची आणि मग दाराकडे बोट.

आता बटणाबद्दल. आगीची यंत्रणा म्हणून पैसे गोळा केले, पण माझ्या मते बटण जास्त महत्त्वाचं आहे. नऊ महिन्यांत आग लागली नाही. बटण मात्र कितीतरी रात्री दाबलं गेलं. ताप, कानदुखी, घरची आठवण. आधी मुलगी काळोखात उठून मावशींच्या दारापर्यंत जायची किंवा जायचीच नाही.

नोव्हेंबरमध्ये एका मुलीने रात्री एक वाजता बटण दाबलं. मावशी धावत आल्या. पण मुलगी काय सांगते ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी शेजारच्या मोठ्या मुलीला उठवलं. पोट दुखत होतं, औषध दिलं, झालं. सकाळी मला कळलं तेव्हा बरं वाटलं आणि लगेच पोटात गोळाही आला. त्या मुलीला त्या मोठ्या मुलीबद्दलच काही सांगायचं असतं तर? किंवा मोठ्या माणसाबद्दल?

ही भीती मनाची नाही. अर्जेंटिनात मेंडोझा इथल्या प्रोव्होलो संस्थेतल्या कर्णबधिर मुलांवरच्या अत्याचारांसाठी दोन धर्मगुरूंना २०१९मध्ये ४२ आणि ४५ वर्षांची शिक्षा झाली. तिथे मुलांना खुणांची भाषा शिकू दिली जात नव्हती. आपल्याकडे ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांमध्ये सीसीटीव्हीचा आग्रह सुरू झाला. आमच्याकडेही बोळात आणि फाटकावर कॅमेरे आहेत, हवेतच. पण झोपायच्या खोलीत कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. भिंतीवर १०९८चा फलकही आहे. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली, हजारो मुलांच्या कामी आली. माझी मुलगी तो नंबर फिरवू शकेल, पण पलीकडच्याला ऐकवणार काय? पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम ३८प्रमाणे अपंग मुलाची साक्ष घेताना न्यायालय विशेष शिक्षकाची किंवा त्याची भाषा जाणणाऱ्या माणसाची मदत घेऊ शकतं. तो माणूस गोष्ट न्यायालयात जाईपर्यंत नको, रात्री एक वाजता पलंगाजवळ हवा.

आणि इथेच पैशाची अडचण येते. चकत्यांसाठी पैसे जमले: पालकांची वर्गणी, एका कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकार्याचा निधी, एका गणेशोत्सव मंडळाची देणगी. वस्तू दिसते, तिचा फोटो निघतो. अनुदान मंजूर पदांच्या वेतनाला मिळतं आणि आमच्या मावशी मानधनावर आहेत. खुणांची भाषा येणारी रात्रीची ताई हवी म्हटलं की सगळे विचारतात, "दरवर्षी कोण देणार?" बॅटऱ्या बदलणं आणि देखभालीचा करार यांचीही हीच गत. पालकसभेत यावर तासभर वाद झाला. एक बाबा म्हणाले, एवढी जोखीम असेल तर वसतिगृहच बंद करा, मुलं घराजवळच्या साध्या शाळेत घाला. त्यांची काळजी मला कळते. पण माझी मुलगी दोन वर्षं साध्या शाळेत होती. फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि घरी येऊन गप्प बसायची. वसतिगृहात सहा महिन्यांत ती भांडायला लागली, गोष्टी सांगायला लागली, संध्याकाळी मुलींच्या घोळक्यात हात थांबत नव्हते तिचे. ती भाषा तिला रात्रीच्या त्या खोलीतच मिळाली. खोली बंद करून चालणार नाही. ती सुरक्षित करायला पैसे लागतात आणि ते दर महिन्याला लागतात.

मावशींनी स्वतःहून शिकायला घेतलं आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात १०,०००हून जास्त शब्द आहेत, व्हिडिओसकट, फुकट. आम्ही त्यातले रात्री लागणारे निवडून दिले: दुखतंय, कुठे, कोण, भीती, हात लावला, आईला बोलव. जानेवारीपासून मुलीच त्यांना रोज जेवणानंतर दहा मिनिटं शिकवतात. "हात लावला" ही खूण त्यांना शिकवताना माझी मुलगी फार गंभीर झाली होती. तीनदा करून घेतली तिने.

घ्यावी का ही यंत्रणा? घ्या. खिसे शिवून घ्या, स्थिर दिवे लावा, वीज गेल्यावर पॅनेल किती तास चालतं ते स्वतः बघा, आणि पहिली कवायत खऱ्या काळोखात करा. बटणाशिवायचं स्वस्त मॉडेल घेऊ नका.

गणेशोत्सव मंडळाने गेल्या रविवारी रात्रीच्या ताईचं बारा महिन्यांचं मानधन मान्य केलं. ती १ एप्रिलपासून येईल. तेराव्या महिन्यापासून हे पद मंजूर व्हावं म्हणून दिव्यांग कल्याण विभागाकडे अर्ज दिला आहे. चोवीस पालकांच्या सह्या आहेत त्यावर, वसतिगृह बंद करा म्हणणाऱ्या त्या बाबांचीही.