डाव्या पंख्यावरचा 19

पीच, म्हणजे बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर, हा माझा रोजचा शब्द. बेळगावच्या उद्यमबागेत माझी छोटी मशीन शॉप आहे, आणि दिवसातून दहा वेळा तरी कोणीतरी बोल्ट हातात घेऊन विचारतं, "मामा, ह्याचा पीच काय ओ?" मी पीच गेज लावतो आणि सांगतो. कोणी तोंडी सांगितलेला आकडा मी कधी धरत नाही. असा माणूस बोटीच्या प्रोपेलरच्या पीचमध्ये, म्हणजे तो एका फेऱ्यात किती इंच पुढं जाईल त्या आकड्यात, 52,000 रुपयांना बुडाला. शॉपमधली पोरं अजून पाठीमागं हसतात.

बोट माझी नाही, मेव्हण्याची. तो कारवारला कोडीबागेत राहतो आणि पर्यटकांना देवबाग, कुरुमगड बेटाच्या बाजूला फिरवून आणतो. मागच्या बाजूला दोन आउटबोर्ड इंजिनं, 115 हॉर्सपॉवरची. दोन कशाला, तर समुद्रात एक बंद पडलं तर दुसऱ्यावर माणसं किनाऱ्याला यावीत म्हणून. 2019 च्या जानेवारीत कुरुमगडच्या जत्रेहून परतताना बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून घरातली बायकामाणसं त्याला रोज फोन करून विचारतात. एक इंजिन कमी असलं की बोट बाहेर काढायची नाही, हा त्याच्या आईचा कायदा.

गेल्या मोसमाच्या शेवटी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, त्याचा डावा पंखा खडपावर आदळला. तिकडे प्रोपेलरला पंखाच म्हणतात. अॅल्युमिनियमचा होता, एक पातं कोपऱ्यातून तुटलं आणि दुसरं वाकलं. ते बरंच म्हणायचं. पातं मऊ असतं म्हणून मार तेच खातं आणि आतला गिअर वाचतो.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची फसवणूक कळणार नाही. दोन इंजिनांच्या बोटीत बऱ्याचदा दोन पंखे उलट दिशेनं फिरतात. मागून बघितलं तर पुढं जाताना उजवा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि डावा त्याच्या उलट. दोन्ही एकाच दिशेनं फिरले तर बोट एका बाजूला ओढते. लेथवाल्यांच्या भाषेत एक उजवे आटे, एक डावे आटे. नुसता पंखा उलटा घेऊन भागत नाही, इंजिनाचा खालचा गिअरकेससुद्धा डाव्या फिरतीचा असावा लागतो. तसं इंजिन मेव्हण्याकडे आहे. पण डावे आट्यांचे बोल्ट जसे दुकानात सहज मिळत नाहीत तसंच ह्या डाव्या पंख्याचं आहे. नवा मागवायला वेळ आणि भाव दोन्ही जास्त.

जुलैत बोट ओढून ठेवलेली असताना मेव्हण्याच्या ओळखीतल्या कोणाकडून तरी एक वापरलेल्या बोट सामानाचा विक्रेता मिळाला. तो म्हणाला, मला बेळगावात काम आहेच, तुमच्या दाजींच्या शॉपवरच माल दाखवतो. मला ते आवडलं. आपल्या घरात आपला पंच, आपला डोळा.

पावसात पिकअप घेऊन आला. गोणपाटात गुंडाळलेली स्टेनलेसची जोडी, आरशासारखी पॉलिश. म्हणाला, "शेठ, एकटा डावा कशाला घेता? जोडी बदला. अॅल्युमिनियमचे 15 आहेत ना तुमचे? हे 19 आहेत, स्टेनलेस. स्पीड बघा मग." हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर, ठोकलेला आकडा त्यानं टॉर्च मारून दाखवला. दोन्हीवर 19. मग खिशातून मॅग्नेट काढून पात्यावर ठेवला, तो घसरून खाली पडला. "बघा, असली स्टेनलेस."

मीही माझ्या टेबलावरचा मॅग्नेट लावून बघितला. चिकटला नाही म्हणून खूश झालो. आता कळतंय की त्या मॅग्नेटला काही अर्थ नव्हता. 304 ग्रेडच्या स्टेनलेसला मॅग्नेट चिकटत नाही हे खरं, पण 17-4 पीएचसारख्या ग्रेडचे चांगले पंखेही होतात आणि त्यांना चिकटतो. चिकटला काय, न चिकटला काय, पंखा चांगला की वाईट ते त्यातून ठरतच नाही. त्यानं मला असं काहीतरी तपासायला दिलं जे तपासण्यात मी हुशार होतो. पॉलिश बघितली, चीर शोधली, हबच्या आतले स्प्लाइन, म्हणजे खाचा, मोजले, पाती टिचकी मारून वाजवली. पीच सोडून सगळं बघितलं.

बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलं तर 18 टक्के वर जातील. मी गप्प बसलो. इथं दोष माझा, तो कोणावर ढकलत नाही. पैसे यूपीआयनं गेले आणि नाव भलतंच आलं. "माझ्या मेव्हण्याचं खातं आहे," म्हणाला. मी हसलो सुद्धा.

गणपती झाल्यावर बोट पाण्यात उतरली. पहिल्याच दिवशी फोन. "भावोजी, नाक उजवीकडे ओढतंय. आणि उजवं इंजिन चढतच नाही." फुल थ्रॉटलवर डावं इंजिन 5500 आरपीएम, उजवं 4600. त्याच्या इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला 5000 ते 6000 च्या मध्ये असावं असं लिहिलंय. जुन्या 15 च्या पंख्यांवर दोन्ही इंजिनं 5600 ला एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालायची.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "नवीन पंखा आहे, बसायला वेळ लागतो. दहा-पंधरा तास चालवा."

पंखा काय क्लच प्लेट आहे बसायला? पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. दहा तास झाले. मग तो म्हणाला, उजव्या इंजिनात खोट आहे. हे ऐकून मेव्हण्यानं मेकॅनिक आणला, प्लग बदलले, फ्युएल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. 14,000 रुपये आणखी. प्लग काळे निघाले, म्हणजे मेकॅनिकचाही विश्वास बसला की इंजिनातच काहीतरी आहे. खरं म्हणजे चढणीवर टॉप गिअर टाकलेल्या ट्रकसारखं ते इंजिन गुदमरत होतं. पेट्रोल जास्त, काजळी जास्त, वेग कमी.

दोन्ही इंजिनं एकाच फिरतीची असती तर ही फसवणूक एका सकाळी उघडी पडली असती. पंख्यांची अदलाबदल करायची. खोट पंख्याबरोबर दुसऱ्या इंजिनावर गेली तर पंखा वाईट, जागच्या जागी राहिली तर इंजिन वाईट. पण उलट फिरतीच्या जोडीत डावा पंखा उजव्या इंजिनाला लावला तर बोट मागं जाईल. अदलाबदल करताच येत नाही, म्हणून सगळा आळ इंजिनावर. त्या माणसाला हे चांगलं माहीत असणार.

शेवटी ऑक्टोबरात मीच गेलो. खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरलो, कद्र्याला चहा घेतला आणि दुपारी कारवार. चौघं बोटीत बसलो, सदाशिवगडच्या बाजूनं काळी नदीच्या मुखातून बाहेर पडलो. 2024 च्या ऑगस्टमध्ये जुना पूल कोसळला त्या जागेपासून मेव्हणा अजून लांबून बोट घालतो. बाहेर पडल्यावर मोबाईलच्या जीपीएसवर बघितलं, फुल थ्रॉटलवर तासाला 50 किलोमीटर. वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.

गिअर रेशो 2.15. म्हणजे इंजिन 5500 फिरलं की पंखा 2558 फिरतो. पीच 19 इंच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर, 48.26 सेंटिमीटर पुढं जाईल. डाव्याचा हिशोब आला तासाला 74 किलोमीटर. उजव्याचा, 4600 वर, 62 किलोमीटर. पाणी लाकूड नाही, पंखा थोडा घसरतोच. पण अशा बोटीला दहा ते वीस टक्के घसरण चालते. उजवा 19 टक्के घसरत होता, डावा 32 टक्के. एकाच जुवाला बांधलेले दोन बैल, रस्ता तोच, गाडी तीच, आणि एक दिवसात 74 किलोमीटर चालला म्हणायचा अन् दुसरा 62. हे होणार कसं? बैलाची पावलं लहान असली तरच. डाव्याचा पीच 15-16 च्या आसपास धरला की हिशोब 61 च्या जवळ येत होता.

मेव्हणा म्हणाला, "पण त्यावर 19 लिहिलंय की."

त्याच वाक्यावर मी दोन्ही पंखे काढून गाडीत टाकले.

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये रोटरी टेबलवर मॅन्ड्रेल, म्हणजे पंखा धरायची दांडी, बसवला, त्यावर उजवा पंखा. पंख्याचा व्यास 13 इंच, म्हणजे त्रिज्या साडेसहा. तिच्या सत्तर टक्क्यांवर, मध्यापासून साधारण 115 मिलिमीटरवर, प्रत्येक पात्याच्या मागच्या बाजूला मार्करनं कंस काढला. हाइट गेजचं टोक कंसावर टेकवलं, टेबल 30 अंश फिरवला, उंचीतला फरक वाचला. 30 अंश म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग, तेव्हा आलेल्या फरकाला बारानं गुणलं की पीच. 19 इंचाच्या पंख्याला फरक 40.2 मिलिमीटर यायला पाहिजे. काही पंख्यांचा पीच पात्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मुद्दाम वाढवलेला असतो, म्हणून मी तिन्ही पात्यांवर मधलाच भाग धरला.

उजवा: 40.0, 40.3, 40.1. सुंदर पंखा, त्याबद्दल वाद नाही.

डावा: 33.9, 31.2, 34.6.

म्हणजे 16, पावणेपंधरा आणि सव्वासोळा. एकाच पंख्याची तीन पाती तीन पीचची. मधलं पातं कधीतरी वाकून हातोड्यानं सरळ केलेलं होतं आणि त्याच्या टोकाला वेल्डिंग भरून ग्राइंड केलं होतं. पॉलिशखाली ते दिसत नव्हतं, पण दोन कडांवर आडवा ठेवल्यावर पंखा दर वेळी फिरून तेच पातं खाली आणायचा. मग हबवरचा आकडा भिंगातून बघितला. 1 सगळीकडे सारखा खोल. 9 च्या खाली मात्र धातूचा रंग किंचित वेगळा आणि कानशीचे बारीक चरे. कोणीतरी 5 वर वेल्डिंग भरून, घासून, त्यावर नंबर पंचनं 9 ठोकला होता. माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो तसलाच पंच.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच. तो पंखा त्यानं "वापरलेला डावा, पीच 15, एक पातं दुरुस्त केलेलं" असं सांगून विकला असता तर आम्ही घेतला असता. आम्हाला तोच हवा होता! उजवा 15 आमचा शाबूत होताच. हादरा थोडा आला असता, पण मोसम निघाला असता. त्याच्याकडे उजवा 19 पडून होता आणि डावा 15, दोन्ही एकट्यानं विकायला त्याला जमत नव्हते, म्हणून त्यानं लग्न लावून दिलं.

आता विक्रेत्याचा फोन बंद येतो. पोलिसात अर्ज दिला. कन्नडमध्ये तो शेजारच्या शॉपच्या मालकानं लिहून दिला, चार पानं, एक पैसा घेतला नाही. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवरही बोललो. वकिलानं सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा सहसा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी माणूस स्वतः राबत असेल तर लागतो, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. बोट मेव्हणा स्वतः चालवतो, तेव्हा तक्रार त्याच्याच नावानं जाणार. पण हातात काय? बिल नाही. यूपीआयची नोंद आहे, तीही तिसऱ्याच्या नावावर. व्हॉट्सअॅपवर त्यानं जोडीचा फोटो टाकून "दोन्ही 19" असं लिहिलेलं, तेवढं एक वकिलाला बरं वाटलं. तो मेसेज मी पुसला नव्हता, निव्वळ आळसानं.

कोणी जुनी जोडी घेत असाल तर मला विचारा, उद्यमबागेत हे मोजायला वीस मिनिटं लागतात आणि मी पैसे घेणार नाही. आणि आकडा 19 खरा असता तरी तो आमच्या बोटीला चुकीचाच होता, हे आता कळतंय. साधारण एक इंच पीच वाढवला की आरपीएम दीडशे-दोनशेनं उतरतो. 15 वर 5600 चालणारी बोट, 19 वर रिकामी असताना 4800-5000 ला अडकणार, मग बारा माणसं बसल्यावर काय? स्पीडच्या नादात हा साधा गुणाकार मी केला नाही. पंखा निवडताना टाकी भरलेली, माणसं नेहमीइतकी बसलेली असताना आरपीएम बघायचा, आणि तो पुस्तकातल्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात हवा.

नोव्हेंबरात नवा डावा 15 आला, अॅल्युमिनियमचा, बिलासकट. जुना उजवा 15 परत चढवला. मेव्हण्यानं वाऱ्यातूनच फोनवर ओरडून सांगितलं, "डावं 5550, उजवं 5600! ह्या पन्नासचं काय भावोजी?" म्हटलं, जुना पंखा थोडा झिजलेला आहे, गप चालव.

तो 19 वाला डावा आता बोटीत स्टेपनी म्हणून असतो. पाठवण्याआधी मी हबवरचा 9 छिन्नीनं आडवा कापला, नंबर पंच काढले आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी त्याचा त्याचा पीच ठोकला. 16. 14.75. 16.25.