आडसालीला डीएपी की स्फुरदाचे जिवाणू?

जुलैत आडसाली उसाच्या लावणीची गडबड सुरू झाली की आमच्या कोल्हापूरच्या करवीर-शिरोळ भागात हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या: दोघांचं काम वेगळं आहे. डीएपी हे रासायनिक खत रानात नवा स्फुरद (फॉस्फरस) आणतं, ५० किलोच्या पोत्यात २३ किलो. जिवाणू बाहेरून काहीच आणत नाहीत. रानात अडकलेला स्फुरद ते सोडवतात.

आणि अडकलेला बराच असतो. नदीकाठच्या चुनखडीच्या काळ्या रानात तो कॅल्शियमला धरून बसतो, शाहूवाडी-राधानगरीच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. त्यामुळे डीएपीतला जेमतेम पाचवा हिस्सा पहिल्या पिकाच्या वाट्याला येतो. बॅसिलस, स्यूडोमोनास हे जिवाणू ग्लुकोनिकसारखी आम्लं सोडून ही खनिजं विरघळवतात. प्रयोगशाळेत मी ते डोळ्यांनी पाहिलंय. कॅल्शियम फॉस्फेटमुळे ताकासारखी पांढरट दिसणारी बशी, आणि जिवाणूंच्या प्रत्येक ठिपक्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं. तेवढ्या जागेतलं खनिज विरघळलेलं.

बशीत त्यांना साखर आयती मिळते. रानात मात्र पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळलं, शेणखत टाकलं नाही, तर ते उपाशीच. शिवाय कोवळ्या मुळ्यांना स्फुरद लगेच हवा असतो आणि जिवाणूंना वेळ लागतो. तिथे डीएपीच सरस.

म्हणून आधी माती तपासा. स्फुरद कमी निघाला तर खताची मात्रा पूर्ण द्या, जिवाणू जोडीला. मध्यम किंवा भरपूर असेल तर जिवाणू लावा आणि स्फुरदाचं खत २५ टक्के बिनधास्त कमी करा. डीएपी पूर्ण बंद करून नुसत्या जिवाणूंच्या पाकिटावर ऊस काढायचा, हे मला पटत नाही.

बेणेप्रक्रियेला हेक्टरी सव्वा किलो जिवाणू, १०० लिटर पाणी, टिपरी (उसाच्या बेण्याचे तुकडे) ३० मिनिटं बुडवून. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी उरकून टिपरी निथळू द्या. दोन्ही एका बॅरलमध्ये कधीच नको.

पाकिटात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. एका खेपेला दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली पाकिटं मी तशीच उचलली, तारीखही पाहिली नाही. त्या पट्ट्यात काडीचा फरक दिसला नाही. सावलीतलं, ताज्या तारखेचं पाकीट मागून घ्या. आणि चार सऱ्या जिवाणूंविना सोडा. तोडणीला दोन्हीकडचे वीस-वीस ऊस वजन करून पाहा.