परत आलेलं 'सीआयडी' आणि न थकणारं 'केबीसी': घरात कित्येक महिने सलग पाहिल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते, पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ असतोच असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेलं 'सीआयडी' आणि 'कौन बनेगा करोडपती' हे दोन्ही कार्यक्रम आमच्याकडे नेमाने लागतात. 'केबीसी' बिनधास्त लावा. 'सीआयडी' लावा, पण भाग निवडून. एप्रिल २०२५ च्या आसपासचे भाग मला आजही खटकतात, आणि या लिखाणाचा बराचसा भाग त्यांच्यावरच जाणार आहे.

पाहणारे कोण आहेत त्यावर मत ठरतं, म्हणून तेही सांगते. सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, बँकेतून निवृत्त झालेले. सासूबाईंना मालिकांपेक्षा प्रश्नोत्तरं प्रिय. नवऱ्याच्या शाळेच्या दिवसांत 'सीआयडी' ऐन भरात होतं. आणि मुलगी नववीत. तिने 'दया, दरवाजा तोड दो' हे वाक्य मोबाइलवर आधी ऐकलं आणि दया कोण ते तिला पुष्कळ नंतर कळलं. एकाच सोफ्यावर बसून हे चौघं चार वेगळे कार्यक्रम पाहतात, असं मला हळूहळू लक्षात आलं.

मूळ 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालं आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबलं. वीस वर्षं, १५४७ भाग. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग. मराठी प्रेक्षकांना हे सिंग आणि 'सीआयडी'त एसीपी प्रद्युमन झालेले शिवाजी साटम त्याच्याही आधीपासून माहीत होते, कारण मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' नावाची पोलीस तपासाची मराठी मालिका लागायची. अण्णांच्या लेखी खरा प्रद्युमन तिथलाच. साटमही पूर्वी बँकेत नोकरीला होते, याचा अण्णांना कोण अभिमान! कुणी नवीन माणूस घरी आला आणि 'सीआयडी' चालू असेल, तर ही माहिती दिल्याशिवाय ते राहत नाहीत.

परतीची पहिली झलक आली तेव्हा अभिजीत आणि दया, म्हणजे आदित्य श्रीवास्तव आणि दयानंद शेट्टी, एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे होते. नवरा तेवढ्यावरच खूश. मला मात्र तिथेच शंका आली होती. ज्या दोघांच्या मैत्रीवर वीस वर्षं भाग चालले, त्यांनाच समोरासमोर उभं करून सुरुवात करायची म्हणजे निर्मात्यांना जुन्या शिदोरीवर भरवसा नाही. पहिले काही आठवडे तसंच गेलं. सूड, कट, गैरसमज, प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का. अण्णा दर शनिवारी विचारायचे, "अरे, पण खून कोणी केला ते कधी सांगणार?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. 'सीआयडी'च्या सुरुवातीच्या वर्षांतही एक गोष्ट दोन-तीन भाग चालायची, त्यामुळे लांबण लावण्याला प्रेक्षकांचा विरोध नसतो. पण त्या लांबणीत तपास असायचा. एक धागा सापडायचा, तो चुकीचा निघायचा, मग डॉक्टर साळुंखेंच्या प्रयोगशाळेत काहीतरी नवीन हाती लागायचं. नव्या पर्वात लांबते ती पोलिसांची स्वतःची भानगड, आणि गुन्हा त्यात कोपऱ्यात पडतो. ज्या भागांत हे झालं नाही, म्हणजे एक प्रेत, पाच-सहा संशयित आणि शेवटी एक सणसणीत थप्पड, ते भाग आमच्या घरात सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिले. मुलीनेसुद्धा, हातातला मोबाइल खाली ठेवून.

नव्या पर्वातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ही माणसं आता वयाने मोठी दिसतात आणि ते कुणी लपवत नाही. एक प्रसंग सांगते. प्रयोगशाळेत टेबलावर प्रेत झाकलेलं आहे, साळुंखे काहीतरी अहवाल सांगताहेत आणि प्रद्युमन नेहमीसारखे घाई करताहेत. साळुंखे चिडतात, पण चिडण्याआधी एक क्षण थांबून मित्राकडे नीट बघतात. नरेंद्र गुप्ता आणि साटम यांनी हे भांडण शेकडो वेळा केलेलं आहे. आता त्याला एक वेगळीच ऊब आली आहे, आणि ती संवादांत कुठेही लिहिलेली नसणार. प्रद्युमनांची हवेत फिरणारी बोटं आणि 'कुछ तो गड़बड़ है' आलं की सासूबाई स्वयंपाकघरातून आपली बोटं फिरवतात. हसण्यासाठी नाही हं. देवळात घंटा ऐकू आली की हात आपोआप जोडले जातात, तसं ते आहे.

फ्रेडरिक्स मात्र नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. पहिल्या काही भागांत अण्णा आणि नवरा दोघंही त्यांची वाट बघत असल्यासारखे पडद्याकडे बघायचे, माहीत असूनही. त्या जागी दुसरा कुणी विनोदी इन्स्पेक्टर उभा केला नाही, हे मला फार आवडलं. काही खुर्च्या रिकाम्या ठेवण्यातच मान असतो.

आता एप्रिल २०२५. कथेत बारबोसा नावाचा खलनायक आला, तिग्मांशू धुलिया ती भूमिका करत होते आणि काम उत्तमच होतं. बॉम्बस्फोटात प्रद्युमनांचा मृत्यू दाखवला गेला. वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. आमच्याकडे त्या संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर ती कुणीतरी पाठवली आणि पंधरा-वीस मिनिटं खरोखरच गोंधळ उडाला की साटम गेले की काय. कोल्हापूरच्या मावशींचा फोन आला, आवाज रडवेला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त टीव्ही बंद करायला सांगितला. पात्राचा मृत्यू आणि माणसाचा मृत्यू यांतली रेघ इतक्या वर्षांनी पुसट झालेली असते आणि वाहिनीला ते कळायला हवं होतं. पंच्याहत्तरीच्या घरातल्या नटाचा चेहरा आणि खाली श्रद्धांजली, हे प्रसिद्धीसाठी वापरायचं साधन नाही. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे.

त्यांच्या जागी पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आले. बिचाऱ्या त्या नटाची यात काही चूक नव्हती. तो मनापासून काम करत होता. पण प्रेक्षकांना नव्या एसीपीचं काय करायचं तेच कळेना. माझ्या ओळखीत ज्यांनी पाहणं सोडलं त्यांच्यापैकी एकानेही 'नवा वाईट आहे' असं म्हटलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'आमच्या माणसाला असं का घालवलं?' लोकांनी इतकं सुनावलं की काही आठवड्यांतच प्रद्युमन जिवंत परतले. अण्णांनी त्या भागाला चहा मागवला आणि पूर्ण भाग पाहिला. नवऱ्याला मात्र ते परत येणं लटकं वाटलं. "मारून उठवलं, मग आता कुणाच्याही मरणाची भीती कशाला वाटेल?" हे त्याचं म्हणणं मला पटतं. पुढे कुठल्याही भागात गोळी लागली तरी आमची मुलगी शांतपणे सांगते, "येईल परत." गुन्हेकथेतली धाकधूकच अशाने संपते, हे त्या आठवड्यांचं खरं नुकसान.

पुनरागमनाचे जुने दाखलेही आहेत. १९८५ चा गुप्तहेर 'करमचंद' सोनीवर २००७ मध्ये परत आला. पंकज कपूर तेच, गाजर तेच, पण त्याची सहायक किटी हिच्या भूमिकेत सुश्मिता मुखर्जी नव्हत्या आणि पहिल्यासारखी जादू काही जमली नाही. याउलट बासू चटर्जींचं 'ब्योमकेश बक्षी' २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जसंच्या तसं पुन्हा दाखवलं. १९९३ चं चित्रीकरण, फिके पडलेले रंग, रजित कपूर आणि के. के. रैना निवांत बोलत बसलेले. आम्ही ते सगळं पाहिलं. मुलगी तेव्हा लहान होती, तीही बसायची. तिथे कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. गुन्हा होता आणि विचार करणारा माणूस होता. परत आणायचं म्हणजे नेमकं काय परत आणायचं, याचं उत्तर मला त्या फिक्या रंगांत जास्त नीट सापडलं.

'केबीसी'ला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे गोष्ट दर भागाला नवा माणूस घेऊन येतो. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर सुरुवात झाली आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. नवाथे आडनावाचा मुलगा हॉट सीटवर, याने मराठी घरांत तेव्हा जे काही झालं ते पाहिलेल्यांनाच माहीत. २००७ मध्ये एका पर्वापुरते शाहरुख खान आले होते. मग ऑक्टोबर २०१० मध्ये सोनीवर अमिताभ बच्चन परतले आणि सोबत घड्याळ आलं. त्या घड्याळाने खेळ बदलला. पहिल्या पर्वात स्पर्धक कितीही वेळ विचार करत बसायचे, आता सुरुवातीच्या प्रश्नांत ते चालत नाही. सासूबाईंना घड्याळ आवडत नाही. त्यांचं म्हणणं, माहीत असलेलं उत्तर घाईत चुकणं हे ज्ञानाचं माप नव्हे. मला मात्र त्याने घरच्या घरी खेळायला मजा येते. पडद्यावर पर्याय येण्याआधी उत्तर द्यायचं असा आमचा नियम आहे आणि भूगोलात सासूबाईंना हरवणं अवघड.

त्यांच्या मनातला सगळ्यात मोठा भाग २०१९ चा. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिना १५०० रुपये मानधन. त्या एक कोटी जिंकल्या. सासूबाई आजही सांगतात की घाबरलेली बाई दिसली नाही, विचार करणारी बाई दिसली. तो भाग मिळवून त्यांनी मुलीला दाखवला. आजकाल स्पर्धकाच्या घरच्या दुःखाची चित्रफीत जरा लांबते, पार्श्वसंगीत वाढतं, तेव्हा त्या म्हणतात, "तिला खेळू द्या ना." ही तक्रार मलाही योग्य वाटते. माणसाची हकिकत त्याच्या खेळण्यातूनही कळते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक शाळकरी मुलगा हॉट सीटवर घाईघाईने, काहीसा उर्मट वाटेल असा बोलला आणि रिकाम्या हाताने परतला. त्यावर मोठ्या माणसांनी जे लिहिलं ते वाचून मला वाईट वाटलं. दहा-अकरा वर्षांचं पोर, समोर एवढे दिवे, एवढा मोठा नट. बच्चन स्वतः त्याच्याशी शांतपणे बोलत राहिले. पाहणाऱ्यांना तेवढं जमायला हरकत नव्हती. आमच्याकडे त्या दिवशी जेवताना यावर बरीच बोलणी झाली आणि मुलगी त्या मुलाच्या बाजूने भांडली.

मराठीतला अवतारही विसरू नका. २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी 'कोण होईल मराठी करोडपती' सुरू केलं, २०१९ ला सोनी मराठीवर नागराज मंजुळे आले, मग पुन्हा खेडेकर. मंजुळेंच्या पर्वात स्पर्धक जास्त मोकळे बोलायचे असं माझं मत. खेडेकर प्रश्न वाचतात तो मात्र ऐकत राहावा असा. ते पर्व परत आलं तर मी पहिल्या दिवसापासून बसेन.

वापराबद्दल चार गोष्टी. 'सीआयडी' आता ओटीटीवरही मिळतं, पण आमच्याकडे ते वाहिनीवर, शनिवार-रविवार रात्री दहालाच पाहायचं ठरलं, कारण अण्णांना वाट बघण्यातच अर्धा आनंद. एका ॲपवर पैसे भरूनही जाहिराती येत होत्या, ते बंद केलं. नव्या भागांत पार्श्वसंगीत इतकं चढं असतं की कानाला यंत्र लावणाऱ्या माणसाला संवाद कळत नाहीत. अशा घरांनी सबटायटल चालू ठेवावीत, आमचा तो त्रास तेवढ्यानेच कमी झाला. 'केबीसी'सोबत मोबाइलवर खेळायची सोय आहे, मुलं पंधरवडाभर खेळतात आणि सोडतात. मोठ्यांनी ओरडून उत्तरं देणं जास्त टिकतं.

आता 'सीआयडी' नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी. बारबोसाच्या कथेचे भाग सोडून द्या आणि एका भागात किंवा दोन भागांत संपणाऱ्या केसपासून सुरुवात करा. जुन्यातला ७ नोव्हेंबर २००४ चा, एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला १११ मिनिटांचा भाग मिळाला तर आधी तो पाहा, म्हणजे ही मंडळी काय ताकदीची आहेत ते कळेल. आणि निर्मात्यांपर्यंत हे पोहोचत असेल तर एवढंच मागणं आहे: साळुंखेंना प्रयोगशाळेत आणखी पाच मिनिटं द्या, त्यांच्या सहकारी डॉक्टर तारिकाला नुसता अहवाल वाचायला न लावता एखादी केस सोडवू द्या, आणि प्रद्युमनांना पुन्हा मारू नका.