इटलीचा दंड आणि अंधेरीतला ‘सल्लागार’

मे २०२३ मध्ये आम्ही तिघे, मी, बायको आणि मुलगी, इटलीला गेलो होतो. फ्लॉरेन्सहून सिएनाला भाड्याची गाडी मीच चालवली. अंधेरी आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जवळ होतं, कुणी अडवलं नाही, काही नाही. ऑगस्टमध्ये क्रेडिट कार्डातून साधारण ५० युरो परस्पर कापले गेले. गाडीवाल्यांचा मेल आला तो मी धड वाचलाच नाही. दंड होता, कापला, विषय संपला असं समजलो. पुढचं सगळं इथूनच बिघडलं. ते पैसे दंडाचे नव्हतेच. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना कळवण्याबद्दल गाडीवाले जे शुल्क घेतात, ते होतं. दंड वेगळा असतो आणि तो नंतर येतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्ल्याच्या घरी रजिस्टर्ड पाकीट आलं. आत चार पानं, बहुतेक मजकूर इटालियन. माझं नाव, गाडीचा नंबर आणि आकडे एवढंच कळलं. पोटात गोळा आला. दोन वर्षांनी मुलीला शिकायला जर्मनीला पाठवायचं घरात चाललं होतं, त्यामुळे पहिला विचार व्हिसाचा.

ओळखीतल्या एकाने अंधेरी पूर्वेच्या एका व्हिसा सल्लागाराकडे पाठवलं. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, “साहेब, एकदा शेंगेनच्या, म्हणजे इटली-जर्मनीसकट युरोपातल्या सामाईक व्हिसावाल्या देशांच्या, सिस्टीममध्ये नाव चढलं की घरातल्या कुणालाच व्हिसा नाही. तिथला वकील आपल्या ओळखीचा आहे, मिटवून टाकू.” दंड, वकील, भाषांतर मिळून ३८,५०० रुपये सांगितले. तिघांच्या पासपोर्टच्या आणि माझ्या लायसन्सच्या झेरॉक्स घेतल्या. मी तिथेच बसून यूपीआयने दोन हप्त्यांत पैसे दिले. आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर गोल शिक्क्याची पावती आली. मी प्रिंट काढून पासपोर्टच्या फाइलमध्ये लावली आणि निर्धास्त झालो.

सप्टेंबरमध्ये पुन्हा पाकीट आलं. दंड भरलेलाच नाही, म्हणून आता रक्कम जवळजवळ दुप्पट: १७३ ऐवजी ३४७ युरो, वर टपालखर्च. त्या रात्री मुलीने नोटिशीचं एकेक पान फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून वाचलं. अर्ध्या तासाचं काम होतं. फेब्रुवारीतच करायला हवं होतं.

नोटिशीत सगळं लिहिलेलं होतं. रस्त्याची मर्यादा ९०, कॅमेऱ्यात वेग १०८, त्यातून कायद्याप्रमाणे ५ टक्के वजा करून धरलेला वेग १०२.६. मर्यादेपेक्षा १० ते ४० किलोमीटर जास्त असल्यामुळे १७३ युरो. ६० दिवसांत भरायचे, आणि नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरले तर ३० टक्के कमी, म्हणजे १२१.१० युरो. तेव्हाच्या दराने अकरा हजार रुपयांच्या आसपास. भरण्यासाठी संकेतस्थळ, लॉगिन आणि पासवर्डही छापलेला होता. व्हिसाबद्दल चार पानांत एक शब्द नव्हता.

मग ती पावती काढून शेजारी ठेवली. नोटिशीत प्रत्येक रक्कम १७३,०० अशी, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम; इटलीत तसंच लिहितात. पावतीवर १७३.००, आपल्यासारखा टिंब. नोटीस क्रमांकातला एक आकडा गायब. गाडीच्या नंबराचा पत्ताच नव्हता. लॉगिन करून पाहिलं तर आमच्या गाडीचा मागून काढलेला फोटो होता, नंबर स्पष्ट, आणि भरणा शून्य.

सल्लागाराचा फोन बंद. ऑफिसात गेलो तर तिथे दुसऱ्याचाच बोर्ड. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहार क्रमांकांसह तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. मी गेलो सात महिन्यांनी. खात्यात काही उरलं नव्हतं.

दंड मी स्वतःच भरला. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू केला, नोटीस क्रमांक टाकला, दहा मिनिटांत मेलवर पावती. त्या माणसाला दिलेले धरले तर एका चुकीपायी सत्तर हजारांच्या वर गेले.

तुमच्याकडे असं पाकीट आलं तर त्याच दिवशी उघडा. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, कारण ५ दिवस तिथून मोजायचे असतात. कुणी व्हिसाची भीती घातली तर ते वाक्य नोटिशीत कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि पासपोर्टची झेरॉक्स देऊ नका. आमचे पैसे बुडाले ते बुडाले, पण मुलीच्या पासपोर्टची प्रत अजून त्या माणसाकडे आहे. ती परत मागायला जागा नाही.