जपानी बाग पाहायची तर सॅन फ्रान्सिस्कोची की सॅन होजेची?

बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, आई-वडील राहायला आले की जपानी बाग दाखवण्याचा बेत ठरतो आणि दोन नावे पुढे येतात: सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील जॅपनीज टी गार्डन आणि सॅन होजेच्या केली पार्कमधील जॅपनीज फ्रेंडशिप गार्डन.

टी गार्डनचा उगम गोल्डन गेट पार्कमध्ये भरलेल्या १८९४ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील जपानी खेड्याच्या देखाव्यात आहे. पुढे माकोतो हागिवारा यांनी तिथे बाग फुलवली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांना सक्तीने छावण्यांत धाडले जाईपर्यंत त्यांचे कुटुंब तिथेच राहत होते. प्रदर्शनाचा वारसा अजूनही जाणवतो, कारण जेमतेम पाच एकरांत पाच मजली पॅगोडा, १७९० साली घडवलेली कांस्य बुद्धमूर्ती आणि चहाघर अशी दाटी आहे. तिथला कमानदार लाकडी पूल तर इतका उभा आहे की आडव्या पट्ट्यांवर पाय रोवत, कठडा धरून शिडीसारखे चढावे लागते. गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच पाण्यातील प्रतिबिंबाने पूर्ण होणारे वर्तुळ पाहावे. तिकीट आहे, आणि गर्दीच्या वेळी निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

सॅन होजेची बाग १९६५ मध्ये, जपानमधील ओकायामा या भगिनी शहराशी असलेल्या स्नेहातून, तेथील प्रसिद्ध कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभी राहिली. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची प्रेरणाही तीच, त्यामुळे पुणेकर आई-वडिलांना ही मांडणी ओळखीची वाटेल (काहींना ‘हे तर आपल्याकडेही आहे’ असे म्हणायला निमित्तही मिळेल). इथे पाहण्याच्या वस्तू कमी, पण वेगवेगळ्या उंचीवरील तळी, त्यांना जोडणारे ओहोळ आणि रंगीत कोई मासे यांच्या कडेने रमतगमत फिरता येते. प्रवेश मोफत आहे. जवळून वाहणाऱ्या कोयोटी क्रीक या ओढ्याच्या २०१७ मधील पुराचा फटका मात्र या बागेलाही बसला होता.

पाहुणे चार दिवसांचेच असतील, तर शेजारचे डी यंग संग्रहालय जोडून टी गार्डनच दाखवावे, तेही सुट्टीचा दिवस टाळून सकाळी लवकर. मुक्काम लांबचा असेल आणि ज्येष्ठांना निवांत बसायचे असेल, तर माझे मत सॅन होजेला. लहान मुलांसाठी जवळच हॅपी हॉलोचे प्राणिसंग्रहालय आहे. उन्हाळ्यात सॅन होजेला दुपारी जाऊ नये, आणि सॅन फ्रान्सिस्कोला जुलैतही धुके असते, म्हणून आई-वडिलांचे स्वेटर सोबत घ्यावेत.