जुनं लष्करी बटण: पुढची नक्षी बघायची की मागचा शिक्का?

जुनं बटण सापडलं की आधी कुठली बाजू बघू, असं एकाने विचारलं म्हणून लिहितोय. वेळ कमी असेल तर पुढची बाजू. ब्रिटिश बटणावर रेजिमेंटचा नुसता नंबर असेल तर ते बहुतेक १८८१ च्या आधीचं, कारण त्या वर्षी पायदळाचे नंबर जाऊन नावं आली. मुकुट असेल तर त्याच्या कमानी बघा, मधे न दबता छान गोल चढलेल्या असतील तर साधारण १९०१ ते १९५२ चा काळ. पण नक्षी घासून जाते, आणि तीच नक्षी नंतरच्या ब्लेझरच्या बटणांवरही येते, तिथे फसायला होतं.

मागचा शिक्का कापडाकडे असल्याने बऱ्याचदा चांगला टिकतो. तिथे कारखान्याचं नाव, गाव असतं, कंपन्यांची नावं-पत्ते बदलत गेले त्यावरून काळ बराच नेमका लागतो. मात्र मेहनत जास्त, भिंग घेऊन तिरप्या उजेडात एकेक अक्षर लावावं लागतं, आणि प्लीज पॉलिश नका मारू, मुलामा गेला की गेलाच. शिवाय बनवलं कोणी ते कळतं, घातलं कोणी ते नाही.

रेजिमेंट हवी असेल तर पुढची बाजू, वर्ष किंवा खरं-खोटं ठरवायचं असेल, विशेषतः पैसे देऊन घेताना, तर आधी उलटं करून बघा.